ऐकणाऱ्याची साक्ष : ध्वनिमुद्रित संगीत आणि आस्वादकथनाची नीती

एका रसिकाने दुसऱ्या रसिकाला एखाद्या ध्वनिमुद्रिकेविषयी काही सांगणे ही वरवर पाहता अत्यंत साधी आणि निरुपद्रवी घटना आहे. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी किंवा अमीर खाँचा मारवा ऐकून झालेला मनुष्य आपल्या स्नेह्याला सांगतो, की अमुक ठिकाणी षड्ज किती लांबवला आहे ते ऐक, तमुक ठिकाणी आवाज कसा विरत जातो त्याकडे लक्ष दे. या सांगण्याला मराठीत नेमके नाव नाही. ते समीक्षा नव्हे, कारण त्यामागे मूल्यमापनाची काही पद्धत असतेच असे नाही. ते केवळ उद्गारही नव्हे, कारण दुसऱ्याने काहीतरी विशिष्ट ऐकावे असा आग्रह त्यात असतो. प्रस्तुत विवेचनापुरते त्याला 'आस्वादकथन' म्हणता येईल. मराठीतील संगीतविषयक लेखनाचा फार मोठा भाग अशा आस्वादकथनाचाच आहे; मैफलीनंतरच्या गप्पांचा आणि संग्राहकांच्या बैठकींचा तर तो प्राणच आहे. त्याचा विचार होतो तो बहुधा आस्वादाच्या बाजूने. परंतु सांगणारा सांगतो तेव्हा त्याच्यावर काही दायित्व येते काय, येत असल्यास ते कोणाविषयीचे, आणि ऐकणारा त्याचे म्हणणे कोणत्या हक्काने नाकारू शकतो, हे प्रश्न मुळात नैतिक आहेत.

ध्वनिमुद्रणापूर्वी हे प्रश्न सोपे नसले तरी स्पष्ट होते. अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) या दोन गायकांचा महाराष्ट्राच्या संगीतावरील प्रभाव वादातीत आहे. मात्र दोघांच्याही गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. पुढील पिढ्यांना ते गायक लाभले ते दोन मार्गांनी : शिष्यांच्या गळ्यातून आणि श्रोत्यांच्या सांगण्यातून. पहिल्या मार्गाचा येथे विचार कर्तव्य नाही. दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत-व्यासंग' (१९३९) हे पुस्तक. टेंबे स्वतः हार्मोनियमवादक. भास्करबुवांच्या साथीला बसलेले, अल्लादिया खाँच्या गायकीचा ध्यास घेतलेले. त्यांच्या लेखनाचा वाचक त्यांचे म्हणणे पडताळून पाहू शकत नाही. त्याला फक्त विश्वास ठेवता येतो किंवा ठेवता येत नाही. म्हणजे टेंब्यांचे कथन ही साक्ष आहे, आणि साक्षीला लागू पडणारे सर्व नैतिक निकष तिला लागू पडतात : साक्षीदार हजर होता काय, त्याला कळण्याइतके ज्ञान होते काय, त्याचा कोणाकडे ओढा होता काय. साक्षीदाराचा अधिकार त्याच्या हजेरीतून येतो. जो हजर नव्हता त्याने गप्प बसावे, हा या व्यवहाराचा अलिखित नियम होता आणि तो न्याय्यही होता.

फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने १९०२ साली कलकत्त्यात हिंदुस्थानी गायिकांचे आवाज मुद्रित केले, तेव्हापासून या नियमाखालची जमीन सरकू लागली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासाभराचा ख्याल तेवढ्यात बसवताना गायकाला काय काय सोडावे लागले याविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झालेली आहे, आणि तिची पुनरुक्ती येथे नको. अधिक महत्त्वाचा बदल व्याकरणाचा आहे. मैफलीविषयी बोलणारा भूतकाळात बोलतो : बुवांनी त्या रात्री असे गायले. तबकडीविषयी बोलणारा मात्र नकळत वर्तमानकाळात शिरतो. खाँसाहेब इथे निषाद लावतात, इथे थांबतात. १९३७ साली निवर्तलेल्या गायकाविषयी असे बोलताना कोणालाही संकोच वाटत नाही. 'तेव्हा तेथे' हे शब्द जाऊन 'आता येथे' हे शब्द आले, आणि त्याबरोबर कथनाची जातही बदलली. साक्ष होती ती आता निर्देश झाली. साक्षीवर विश्वास ठेवायचा असतो. निर्देशाच्या बाबतीत बोट दाखवलेल्या दिशेने पाहायचे असते, आणि तेथे ती वस्तू दिसली नाही तर तसे सांगायचे असते.

तत्त्वतः एवढे झाले. व्यवहारात मात्र तबकडीविषयीची मराठी बोलणी पुढे कितीतरी दशके साक्षीच्याच भाषेत चालू राहिली. तबकडी ऐकवल्यावर कोणी भारावून काही बोलला, की एखादा ज्येष्ठ श्रोता हमखास म्हणतो : यात काय आहे, बाईंना समोर बसून ऐकायला हवे होते. या वाक्यात खोटे काही नाही. परंतु ते ज्या क्षणी उच्चारले जाते त्या क्षणी त्याचे कार्य माहिती देण्याचे नसते. समोरच्याचा बोलण्याचा अधिकार काढून घेण्याचे असते. प्रश्नाची खरी धार येथे आहे, आणि ती जाणवण्यासाठी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातून बाहेर पडावे लागते.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव घ्यावे. नगर-जामखेड रस्त्यावरची ही बाजारपेठ. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातील मुलूख. नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे २०२२ साली सुरू झाली तेव्हा कड्याला स्थानक लाभले. अभिजात संगीताच्या मैफलींची जी केंद्रे सांगितली जातात, म्हणजे पुणे, मुंबई, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, त्यांत कड्याचे किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही गावाचे नाव येत नाही. अशा गावातील संगीतप्रेमी मनुष्याचा श्रवणेतिहास कसा असेल याची कल्पना करणे अवघड नाही. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री तो देशभर एकाच वेळी ऐकू येई. त्यानंतर ध्वनिफिती, मग तबकडीवरून फितीवर आणि फितीवरून दुसऱ्या फितीवर उतरवलेल्या प्रती, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संचिका. हा श्रोता केसरबाई केरकरांसमोर कधीच बसलेला नाही आणि बसणेही शक्य नव्हते. त्याचे सारे संगीत मुद्रित संगीत आहे. 'समोर बसून ऐकायला हवे होते' या वाक्याने त्याच्या आयुष्यभराच्या श्रवणाची किंमत शून्य ठरते. त्याने चुकीचे ऐकले असे त्याला कोणी म्हणत नाही. त्याने ऐकलेच नाही असे म्हटले जाते. आणि हे म्हणण्याचा अधिकार भूगोलाने, जातीपातीच्या ओळखीने, पैशाने आणि जन्मसालाने मिळालेला असतो. श्रवणशक्तीशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

कड्याच्या श्रोत्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी सौंदर्यशास्त्रातील सर्वांत परिचित आधार कांटचा आहे. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) आणि 'कांटची सौंदर्यमीमांसा' (१९७७) या ग्रंथांमुळे त्याची चर्चा सुस्थिर झालेली आहे. १७९० च्या आपल्या ग्रंथात कांट अभिरुचिविधानाची दोन लक्षणे सांगतो, आणि ती एकमेकांना छेदतात. असे विधान करणारा इतर सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो. परंतु स्वतः मात्र ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू शकत नाही. एखाद्याला कविता आवडली नाही तर शंभर जाणकारांनी तिची थोरवी सांगितली तरी तो आपले कान बंद करून घेईल, असा दृष्टान्त कांटने दिला आहे. कविता ऐकवली जात असताना कान बंद करण्याची ही प्रतिमा संगीताच्या संदर्भात अधिकच नेमकी वाटते. तिचा अर्थ असा की सौंदर्याच्या प्रांतात साक्ष चालत नाही. अल्लादिया खाँ थोर गायक होते हे टेंब्यांवरून मानता येते. त्यांचे गाणे सुंदर होते हा निर्णय मात्र आज कोणालाच करता येत नाही, फक्त उद्धृत करता येतो. उलट करीम खाँची तबकडी ज्याने ऐकली, त्याने ती कड्यात ऐकली असो वा कलकत्त्यात, त्याला निर्णय करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्या तबकडीपुरता तो टेंब्यांइतकाच आहे.

हा युक्तिवाद बळकट आहे. तरी तो प्रश्नाचा निम्मा भागच सोडवतो. मैफलीचा साक्षीदार यावर म्हणेल, की तुमचा निर्णय तबकडीविषयीचा आहे, गाण्याविषयीचा नाही. वॉल्टर बेन्यामिनने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाविषयी लिहिताना कलाकृतीच्या ज्या वलयाचा लोप सांगितला, त्याचाच हा देशी आविष्कार. (बेन्यामिनला त्या लोपात मुक्तीही दिसत होती, हे वलयाची आठवण काढणारे सहसा विसरतात.) या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर साक्षीदाराला तबकडीत नेमके काय ऐकू येते हे तपासले पाहिजे.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्नांची जी मांडणी केली आहे ती नाट्याच्या संदर्भात असली तरी येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. त्यांतील एक विघ्न असे, की अनुभव 'माझा' किंवा 'अमक्याचा' म्हणून विशिष्ट स्थळकाळाला जखडला जातो आणि त्याचे साधारणीकरण होत नाही. दुसरे विघ्न स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडण्याचे. ज्याने केसरबाईंना प्रत्यक्ष ऐकले आहे तो त्यांची तबकडी ऐकताना या दोन्ही विघ्नांच्या कचाट्यात असतो. त्याला मुद्रित स्वरांच्या जोडीला ती रात्र, ते दालन, तेव्हाचे आपले वय, शेजारी बसलेला आणि आता हयात नसलेला मित्र हे सगळे ऐकू येते. हे ऐकू येणे मोलाचे आहे, आणि त्याविषयी त्याने बोलावे, लिहावे. परंतु ते तबकडीतील नाही. स्मरणाने भरलेल्या जागा तो स्वरांच्या म्हणून सांगतो तेव्हा साक्ष आणि निर्देश यांची सरमिसळ होते, आणि कड्याचा श्रोता दाखवलेल्या दिशेने पाहूनही त्याला तेथे काही दिसत नाही. मग तो दोनपैकी एक करतो. आपल्या कानांवरचा विश्वास गमावतो, किंवा न ऐकू आलेले ऐकू आल्याचे सांगू लागतो. दुसरा मार्ग अधिक रुळलेला आहे. महाराष्ट्रातील संगीतरसिकतेत ऐकीव कौतुकाचा जो मोठा साठा पिढ्यानुपिढ्या फिरत राहिला, त्याची उत्पत्ती बरीचशी या दुसऱ्या मार्गातून झाली असावी.

सैद्धान्तिक आस्वादकथनातही हा धोका आहे, किंबहुना अधिक आहे, कारण तेथे साक्षीदाराचा 'मी' दिसत नाही. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या महत्त्वाच्या ग्रंथाने घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली : किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर त्यांच्या समतोलात. ही मांडणी इतकी सुबोध आणि आकर्षक आहे की ती वाचल्यानंतर करीम खाँच्या तबकडीत स्वरच ऐकू येतो. त्याच तबकड्यांतील सरगम आणि वेगवान ताना कानांवर पडतात, पण नोंदल्या जात नाहीत. दोष देशपांडे यांचा नाही. त्यांनी प्रत्यक्ष श्रवणातून सिद्धान्त काढला. वाचक मात्र सिद्धान्तातून श्रवण काढतो.

साक्षीदाराची बाजू मात्र येथे संपत नाही. तिच्या मुळाशी एक खरी जाणीव आहे, आणि ती 'दाद' या शब्दाशी निगडित आहे. मैफलीत श्रोत्याची प्रतिक्रिया गायकाला उद्देशून असते. समेवर डोलणारी मान, हातवारा, तोंडून निसटलेला उद्गार ही सगळी आस्वादकथनेच होत, आणि ती सर्वप्रथम गाणाऱ्याला केलेली असतात. गायक ती ऐकतो, तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो, किंवा श्रोते अजाण आहेत असे पाहून गाणे आवरते घेतो. दाद ही गाण्यात सहभागी होणारी कृती आहे, म्हणून तिची जबाबदारीही उघड आहे : खोट्या जागी दाद देणारा गाणे बिघडवतो. तबकडीसमोर दिलेली दाद गायकापर्यंत पोचत नाही. तरीही रसिक ती देतात. एकट्याने ऐकतानाही 'वाहवा' म्हणणारे लोक असतात. ही दाद पोरकी आहे. गायकाकडे जाण्याची वाट बंद झाल्यामुळे ती शेजारच्या श्रोत्याकडे वळते, आणि आस्वादकथनाचे आधुनिक रूप म्हणजे ही वळलेली दाद होय.

दिशा बदलली की जबाबदारीही बदलते. तबकडीतील गाणे कोणाच्या दादेने सुधारत नाही किंवा बिघडत नाही. दादेचा परिणाम होतो तो फक्त सहश्रोत्यावर. जाणत्याने एखाद्या जागेवर मान हलवली की शेजारच्या नवशिक्याला ती जागा ऐकू येते, आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दोन जागा ऐकू येत नाहीत. मैफलीत हा परिणाम क्षणिक होता. तबकडी दहा वेळा लावली तर दहाही वेळा तीच जागा उजळते आणि त्याच दोन जागा अंधारात राहतात. म्हणजे ध्वनिमुद्रणाने सांगणाऱ्याला दुसऱ्याच्या कानावर एक कायमचा हक्क दिला, जो मैफलीच्या काळात कोणालाच नव्हता. हा हक्क किती जपून वापरावा याचा विचार मराठी रसिकतेने पुरेसा केलेला नाही, असे म्हणावे लागते.

कोणी काहीही न सांगता ऐकलेल्या तबकडीची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. भीमसेन जोशी यांनी लहानपणी गदगच्या एका दुकानात करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकली, आणि वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ साली, गुरूच्या शोधात घर सोडले. कुमार गंधर्व बालवयात मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत; त्यांचे नावच त्या कौतुकातून आले. एकाने आस्वादकथन केले ते चालते होऊन, दुसऱ्याने केले ते पुनरुच्चारातून. दोघांपैकी कोणाच्याही कानावर आधी कोणाचे बोट नव्हते. अर्थात प्रतिभावंतांच्या उदाहरणावरून सामान्य श्रोत्यासाठी नियम काढणे धोक्याचे आहे. सामान्य श्रोत्याला पहिल्या श्रवणात बहुधा काहीच ऐकू येत नाही. त्याला कोणीतरी सांगावे लागते. मौन बाळगणारा जाणकार त्याच्या स्वातंत्र्याचा आदर करत नसून त्याला वाऱ्यावर सोडत असतो, असेही म्हणता येईल. बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, दासोपंतांनी (१५५१-१६१५) रचलेल्या पदांवर रागांची नावे आढळतात. ज्याला तो राग माहीत आहे त्याच्यासाठीच ती नावे बोलतात. चार शतकांनंतरच्या वाचकाला ती पत्त्यासारखी दिसतात, पण त्या पत्त्यावर तेव्हा नेमके कोणते स्वर राहत होते हे सांगणारे कोणी उरले नाही.

न सांगण्याचे मोल आणि सांगण्याची गरज यांच्यामधली ओढाताण एका तबकडीच्या बाबतीत फारच विलक्षण रूप धारण करते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांवरील सुवर्णमुद्रिकेत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. जेमतेम साडेतीन मिनिटांचे ते जुन्या तबकडीवरचे मुद्रण. त्याची निवड झाली ती रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाच्या शिफारशीवरून, म्हणजे शुद्ध आस्वादकथनातून : एका श्रोत्याने दुसऱ्यांना सांगितले की हे ऐका, आणि त्यांनी ते ऐकून मान्य केले. ५ सप्टेंबर १९७७ ला 'व्हॉयेजर १' निघाले; १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ध्वनिमुद्रणाविषयी अत्यंत सावध असलेल्या या गायिकेची अशी पाठवणी व्हावी यातला उपरोध अनेकांना जाणवला आहे. येथे महत्त्वाचे ते एवढेच, की त्या मुद्रिकेला कधी कोणी श्रोता भेटलाच, तर त्याला सम कोठे आहे हे सांगणारे कोणी नसेल आणि 'बाईंना समोर ऐकायला हवे होते' असे बजावणारेही कोणी नसेल. कड्याच्या श्रोत्याची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये आहे. त्याला सम कळते. बजावणारे भेटतात. सांगणारे क्वचित भेटतात.

केसरबाईंच्या सावधपणाचा उल्लेख झालाच आहे, तेव्हा तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे गायकाचा विचार करणे प्राप्त होते. मैफलीतला चुकलेला सूर हवेत विरतो. मुद्रित झालेला चुकलेला सूर राहतो, आणि त्याच्याविषयी बोलले जाते. १९७०-८० नंतर खासगी मैफलींच्या ध्वनिफिती रसिकांमध्ये हातोहात फिरू लागल्या. त्यांतील कित्येक गायकाच्या परवानगीविना केलेल्या. काही उतारवयातल्या, दमसास गेलेल्या आवाजाच्या. काही घसा बसलेला असतानाच्या. अशा फितीविषयी दोन रसिक एकमेकांना काय सांगू शकतात? खरे सांगितले तर गायकाने जे लोकांपुढे ठेवायचे कधीच ठरवले नव्हते त्यावरून त्याचा न्याय होतो, आणि तो उत्तर द्यायला हजर नसतो. न सांगितले तर सहश्रोत्याची फसवणूक होते, कारण थकलेला सूर हाच त्या गायकीचा विशेष आहे अशी समजूत तो करून घेऊ शकतो. पुढे त्याचे अनुकरणही होऊ शकते. येथे सांगणाऱ्याचे गायकाविषयीचे दायित्व आणि श्रोत्याविषयीचे दायित्व यांत खरा विरोध आहे. तो मिटवणारे सूत्र सापडेल असे वाटत नाही. इतके मात्र म्हणता येईल, की ज्या गायकाच्या स्वतः मान्य केलेल्या तबकड्या उपलब्ध आहेत त्याची ओळख नवख्या श्रोत्याला चोरट्या फितीवरून करून देणे हा दोघांवरही अन्याय आहे. आणि ज्याचे दुसरे काहीच उपलब्ध नाही त्याच्या बाबतीत ती फीत कधीची, कोणत्या अवस्थेतली हे आधी सांगणे हे आस्वादकथनाचे पहिले वाक्य असायला हवे.

या साऱ्यात तबकडीच्या भक्ताचेही एक पाप आहे, ते नोंदवले पाहिजे. साक्षीदार स्मरणाला तबकडी समजतो, तर हा तबकडीला गायक समजतो. 'खाँसाहेबांची पट्टी अमुक होती' असे तो ठामपणे सांगतो. परंतु सुरुवातीच्या काळात तबकड्यांच्या मुद्रणाचा वेग एकसारखा नव्हता. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण पुढे स्थिरावले. ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७४ फेऱ्यांनी फिरवली तर आवाज जवळजवळ एका पट्टीने खाली येतो, लय मंदावते, आणि गळ्याचा पोतही बदलतो. म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी एकमध्ये ऐकून त्यातल्या गांभीर्याची वाखाणणी करणारा रसिक आपल्या यंत्राच्या चावीची वाखाणणी करत असतो. फितीच्या फितीवरून उतरवलेल्या प्रतीत तर तंबोराच नाहीसा झालेला असतो, आणि तंबोऱ्यावाचून ऐकलेल्या सुराविषयी केलेले विधान किती टिकेल याची शंकाच आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा निकष संवेदनांमधील संबंधांत शोधला, आणि ते स्वतः आकाशवाणीत होते. पण संवेदनाच जेथे यंत्रागणिक बदलते तेथे 'तबकडीत जे आहे तेच' हा आग्रहदेखील फार निखळ राहत नाही. निर्देश करणाऱ्याने आपण कोणत्या प्रतीकडे, कोणत्या वेगाकडे बोट दाखवत आहोत हेही सांगायला हवे.

या दृष्टीने १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे काम लक्षणीय आहे. जुन्या तबकड्यांचे संग्राहक एकत्र येतात, तबकड्या लावतात, त्यांच्याविषयी बोलतात. 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून तबकड्यांचे क्रमांक, मुद्रणाचे तपशील, गायकांची माहिती प्रसिद्ध होत आली आहे. संस्थेच्या शाखांत पुणे, सोलापूर यांच्या जोडीला मराठवाड्यातील नांदेड आणि तुळजापूर ही नावे यावीत हे विशेष; मैफलींचा नकाशा आणि तबकड्यांचा नकाशा एकच नसतो याची ती खूण आहे. क्रमांक आणि वर्षे यांच्या या याद्या रसिकाला रूक्ष वाटतात. पण त्यांनी साधले ते असे, की निर्देशाला पत्ता मिळाला. कोणती तबकडी, कोणती बाजू, कोणत्या साली, हे निश्चित झाले की दोन अनोळखी माणसे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत याची खात्री होते, आणि मतभेद खरोखर मतभेद ठरतो. कड्याचा श्रोता नांदेडच्या किंवा गिरगावच्या श्रोत्याला 'तुम्ही सांगता ते मला येथे ऐकू येत नाही' असे म्हणू शकतो. हे वाक्य उच्चारता येणे ही लहान गोष्ट नव्हे. टेंब्यांच्या वाचकाला ते कधीच उच्चारता आले नसते.

भ्रमणध्वनीवरून ध्वनिमुद्रणे फिरू लागल्यापासून पत्त्याचा प्रश्न पुन्हा बिकट झाला आहे. संचिका येते तिच्याबरोबर बहुधा मजकूर असतो आणि त्यात वर्षापेक्षा विशेषणे अधिक असतात : दुर्मीळ, अलौकिक, डोळ्यांत पाणी आणणारे. गाणे सुरू होण्यापूर्वीच श्रोत्याला आपण रडणे अपेक्षित आहे हे कळलेले असते. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांची रीत याच्या नेमकी उलट होती. गौहर जानसारखी गायिका गाणे संपल्यावर, शेवटच्या क्षणी, आपले नाव इंग्रजीत उच्चारून सांगे. त्यामागे रसिकतेचा काही विचार नव्हता. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणते मुद्रण कोणाचे हे कळावे एवढ्यासाठी ती व्यवस्था होती. परंतु तिचा परिणाम असा होई, की ज्याला तबकडीवरची चिठ्ठी वाचता येत नव्हती अशा श्रोत्यालाही आधी गाणे मिळे आणि नंतर नाव.